नाल्यातला वायू आणि घरातला दिवा



गेल्या महिन्यात चऱ्होली बुद्रुकला एका नामकरण विधीला जाण्याचा योग आला. वंदना झाली, बाळाचे नाव ठेवले, पंगती उठल्या आणि नेहमीप्रमाणे आम्ही बायका मागच्या दारी भांडी विसळत गप्पांना बसलो. बाळाची पणजी तिथेच खाटेवर बसली होती. वय ऐंशीच्या घरात, पण कान आणि डोके दोन्ही शाबूत. तिने मला हाताने जवळ बोलावले.

"का गं पोरी, तू पेपरात लिहितीस ना? मग मला एक सांग. गटारीच्या घाणीवर लाईट पेटती म्हणं. खरं का?"

मी म्हटले, "खरं आहे आजी. घाण कुजली की वायू निघतो, त्यावर इंजिन चालतं आणि वीज तयार होते."

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग अंगणात मुलांना आईस्क्रीम वाटत असलेल्या एका तरुण पोराकडे तिने बोट दाखवले. "त्यो माझा नातू. मैल्याच्या पाण्याच्या कारखान्यात हेल्पर हाय, कंत्राटावर. त्याला म्हणत्यात टाकीत वाकू नगं, आत गॅस हाय, मरशील. आता तू म्हणतीस गॅसवर लाईट पेटती. ज्या गॅसनं माणूस मरतो त्योच गॅस का ह्यो?"

त्या पोराचे कामाचे ठिकाण चऱ्होलीत नाही, दुसऱ्या गावी आहे. गावाचे आणि कंत्राटदाराचे नाव मी लिहिणार नाही, कारण त्याची भाकरी तिथे आहे. आजीला मी "हो, बराचसा तोच" असे म्हणाले खरे, पण ते उत्तर माझे मलाच अपुरे वाटले. घरी येऊन चार पुस्तके चाळली, या कामातल्या माणसांशी बोलले. त्यातून जे हाती आले ते आजच्या सदरात आजीसाठी आणि आपणा सर्वांसाठी मांडते आहे.

चऱ्होली कुठे आहे हे पिंपरी-चिंचवडच्या वाचकांना सांगायला नको. बाहेरगावच्या वाचकांसाठी एवढेच सांगते की आळंदीच्या शेजारी, इंद्रायणीच्या काठी हे गाव आहे. चऱ्होली बुद्रुक १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. नदीपलीकडची चऱ्होली खुर्द खेड तालुक्यात आहे. एके काळी ज्वारी-बाजरीची शेते असलेल्या या भागात आता इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत, आणि इमारत आली की मोरी आली, संडास आला, सांडपाणी आले. महापालिकेचे मैलाशुद्धीकरण केंद्रही चऱ्होलीत आहे. इथले पाणी इंद्रायणीतून पुढे तुळापूरला भीमेला मिळते, आणि तीच भीमा पुढे कोरेगावच्या पुलाखालून जाते. १ जानेवारीला विजयस्तंभाला मानवंदना देऊन आपण ज्या नदीकडे पाहतो, तिच्यात चऱ्होलीच्या, आळंदीच्या आणि भोसरीच्या मोऱ्यांचेही पाणी असते. तेव्हा ते पाणी कसे साफ होते हा काही कुणा परक्याचा प्रश्न नाही.

आता मूळ गोष्ट. सांडपाणी म्हणजे घाणच घाण असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्यात ९९ टक्क्यांहून जास्त साधे पाणीच असते. उरलेल्या अंशात मैला, अन्नाचे कण, साबण, तेल, माती. शुद्धीकरण केंद्रात पाणी आधी जाळ्यांतून जाते, तिथे चिंध्या, प्लास्टिक, केस अडकतात. मग वाळू खाली बसते. त्यानंतर पाणी मोठ्या टाक्यांत येते आणि तिथे खरे काम सूक्ष्म जंतू करतात. पाण्यात विरघळलेली घाण ते खातात, वाढतात आणि गाळ होऊन तळाला बसतात. या जंतूंना श्वासाला हवा लागते. ती मोठ्या ब्लोअरने रात्रंदिवस फुंकावी लागते, आणि केंद्राच्या वीजबिलाचा मोठा भाग या फुंकण्यातच जातो.

तळाचा तो गाळ काढून झाकणबंद टाकीत घातला की दुसरे जंतू कामाला लागतात. त्यांना हवा चालत नाही. दुधाला विरजण लावून झाकून ठेवावे तसेच हे काम. दही थंडीत लवकर लागत नाही, ऊब लागते. या टाकीलाही साधारण ३५ अंशांची ऊब मानवते, आणि गाळ आत तीन ते चार आठवडे राहावा लागतो. एवढ्या काळात जंतू गाळ पचवतात आणि वर वायू जमतो. त्यात साठ-पासष्ट टक्के मिथेन असतो, तोच जळतो. बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साईड, आणि थोडासा हायड्रोजन सल्फाईड. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो या शेवटच्याचा. गावाकडे ज्यांनी गोबरगॅस पाहिला आहे त्यांना हे नवीन नाही. फक्त शेणाच्या जागी माणसाची घाण आहे एवढाच फरक.

मोशीच्या डेपोवर कचऱ्यापासून वीज होते ती वेगळी. १४ मेगावॅटच्या त्या प्रकल्पाचे उद्घाटन १ ऑगस्ट २०२३ रोजी झाले. तिथे कचरा जाळून वाफ करतात आणि वाफेवर वीज. आपण बोलतो आहोत ते जाळण्याबद्दल नव्हे, कुजवण्याबद्दल.

ही काही परदेशातून परवा आलेली टूम नाही. इंग्लंडातल्या एक्झिटर शहरात १८९५ साली डोनाल्ड कॅमेरॉन नावाच्या इंजिनियरने मैल्याची बंद टाकी बांधली आणि तिच्या वायूवर दिवे लावले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९७ साली, हेच काम आपल्या मुंबईत झाले. कुठे झाले माहीत आहे? माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रमात. एच. ए. ॲकवर्थ हे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर असताना १८९० साली हा आश्रम निघाला. शहराच्या रस्त्यांवर भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्यांना तिथे आणून ठेवले जाई. आज वडाळ्याचे ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय म्हणतात ते हेच. त्या आश्रमातल्या मैल्याच्या टाकीवर वायू धरण्याची सोय केली गेली, आणि पुढे १९०७ च्या सुमारास त्या वायूवर इंजिनही चालवले गेले. जगात या विषयावर जी पुस्तके लिहिली जातात, त्यांतल्या अनेकांत इतिहासाच्या पानावर हा माटुंग्याचा आश्रम असतो.

मला हे वाचून बराच वेळ काही सुचेना. ज्यांना घरच्यांनी घराबाहेर काढले, ज्यांच्या सावलीला लोक भीत, त्यांच्या टाकीवरचा हा वायू आपल्या देशातल्या अगदी पहिल्या प्रयोगांपैकी एक. आणि आपल्यापैकी किती जणांनी शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट वाचली? मी तरी नाही.

चऱ्होलीच्या जवळचे दुसरे उदाहरण देहूचे. इंद्रायणीच्याच काठी, वरच्या अंगाला. साठच्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. एस. व्ही. मापुसकर हे तिथे सरकारी डॉक्टर म्हणून काम करू लागले. जुलाब, जंत, कावीळ यांचे तेच तेच रोगी पुन्हा पुन्हा येताना पाहून त्यांच्या लक्षात आले की औषधाच्या बाटलीने हे थांबणार नाही, आधी संडास हवेत. मग उरलेले आयुष्य त्यांनी त्यातच घातले. सुरुवातीला बांधलेले संडास पावसात खचले. लोक हसले असतील. पण त्यांनी रचना सुधारली आणि पुढे 'मलप्रभा' नावाचे संयंत्र तयार केले. संडासातला मैला थेट जमिनीखालच्या बंद टाकीत जातो, कुठेही माणसाच्या हाताला लागत नाही, आणि वायू नळीने चुलीला येतो. मलातून प्रभा, म्हणून मलप्रभा. ज्या अप्पासाहेब पटवर्धनांचे मार्गदर्शन त्यांना लाभले, त्यांच्या नावाने देहूत सफाई आणि पर्यावरणाचे तंत्रनिकेतनही डॉक्टरांनी उभे केले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

अप्पासाहेब हे गांधींच्या वाटेने जाणारे. उच्चवर्णीयांनी स्वतः मैला साफ करावा, म्हणजे त्या कामाचा कमीपणा जाईल असे त्यांचे म्हणणे, आणि ते स्वतः तसे वागले हे मान्य केलेच पाहिजे. पण बाबासाहेबांची वाट निराळी होती. या कामाला पुण्य म्हणून चिकटवून ठेवणे त्यांना मान्य नव्हते. ते जातीने गळ्यात अडकवलेले काम आहे, ते सोडा, असे ते सांगत. मलप्रभेची रचना पाहिली तेव्हा मला वाटले की एका बाबतीत या यंत्राने दोघांचा वाद बाजूला ठेवून काम पुढे नेले. मैला उचलायला माणूसच लागत नाही, मग तो उचलणारा कोण हा प्रश्नच उरत नाही.

अर्थात चुलीपर्यंत नळी न्यायची म्हटली की लोकांची कुरकूर ठरलेली. "संडासाच्या गॅसवर भाकरी? शी!" आपल्याही घरांत असे म्हणणारे निघतील. त्यांना मी एवढेच विचारते की आपल्या आज्यांनी भरलेल्या पाण्याच्या हंड्याला ज्यांनी विटाळ म्हटले, ते आणि आपण यांत मग अंतर किती? ज्योतीत मैला नसतो. जळून उरते ते वाफ आणि कार्बन डायऑक्साईड, जसे सिलिंडरच्या गॅसचे उरते तसेच.

शहराची गोष्ट मात्र घराच्या चुलीहून मोठी. तिथे वायू चुलीपर्यंत नेण्यापेक्षा जागच्या जागी इंजिनात जाळून वीज करणे सोयीचे. सुरतेत २००३ साली आंजणा येथील शुद्धीकरण केंद्रावर अर्ध्या मेगावॅटचे असे वीजघर उभे राहिले आणि पुढे त्या शहराने दुसऱ्या केंद्रांवरही ते नेले. सुरतेच्या लिंबायत-उधना भागात आपले खानदेशातले हजारो कुटुंबे कापडाच्या धंद्यात आहेत, जळगाव-धुळ्याच्या वाचकांचे नातलग तिथे असतील. त्यांच्या मोरीचे पाणी त्या शहराच्या विजेत गेलेले आहे. नाशिकला जर्मन सरकारच्या मदतीने २०१७ साली निराळ्या पद्धतीचा प्रकल्प सुरू झाला. सार्वजनिक शौचालयांच्या टाक्यांतला मैला आणि हॉटेलांतले उरलेले अन्न एकत्र कुजवायचे. दिवसाला ३० टनांची सोय, आणि रोज सुमारे ३३०० युनिट विजेचे उद्दिष्ट. यात शहाणपणाची गोष्ट ही की नुसत्या मैल्यातून वायू बेताचा निघतो, त्यात अन्न मिसळले की तो वाढतो. आपण संडासात जातो तोवर अन्नाचा बराचसा कस शरीराने काढून घेतलेला असतो ना!

आता थोडा हिशेब करू. घाबरू नका, पाचवीच्या गणिताचा आहे.

एका माणसाच्या वाट्याच्या गाळातून दिवसाला ढोबळमानाने १५ ते २५ लिटर वायू मिळू शकतो. मधला आकडा २० धरू. पाच माणसांच्या घराचा झाला १०० लिटर. एक घनमीटर म्हणजे १००० लिटर वायूपासून इंजिनावर साधारण दोन युनिट वीज होते. म्हणजे आपल्या घराच्या वाट्याला आली दिवसाला एक पंचमांश युनिट. नऊ वॅटचा एक एलईडी दिवा तेवढ्यात बावीस तास चालतो. बस्स, एक दिवा. पंखा नाही, फ्रीज नाही, टीव्ही नाही. सिलिंडरशी ताडून पाहायचे तर घरच्या एका भरलेल्या सिलिंडरएवढी उष्णता मिळायला तीस-बत्तीस घनमीटर वायू हवा, म्हणजे एका कुटुंबाला दहा महिने.

तेव्हा कुणी पुढारी स्टेजवरून सांगू लागला की मैल्याच्या विजेवर सगळे शहर उजळून टाकू, तर टाळ्या वाजवण्याआधी हा हिशेब आठवा.

पण हाच हिशेब एक लाख वस्तीचा करा. रोज चार हजार युनिट. एक लाख माणसांचे सांडपाणी, माणशी १०८ लिटर धरले तर, एक कोटी लिटरच्या वर जाते. ते हवा फुंकून साफ करायला तीन ते पाच हजार युनिट लागू शकतात. प्रत्यक्षात वायू पुस्तकातल्यापेक्षा कमी निघतो, कारण आपल्याकडे गटारात पावसाचे पाणी शिरते, मैला विरळ होतो. तरी केंद्राला लागणाऱ्या विजेचा निम्म्याच्या आसपास भाग घरच्या घरी भागवता येतो. शहर उजळत नाही, पण केंद्र आपली अर्धी भाकरी आपण कमावते. वीजबिल थकले म्हणून किंवा लाईट गेली म्हणून ब्लोअर बंद ठेवायचे आणि मैला तसाच नदीत सोडायचा, या सबबीला मग जागा उरत नाही. वायू तसाच हवेत सोडला तर आणखी एक नुकसान आहे. मिथेन हवा तापवण्याच्या बाबतीत कार्बन डायऑक्साईडच्या पंचवीस-तीस पट जहाल आहे.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेब मजूर खात्याचे सदस्य होते, आणि विजेचा विषयही त्यांच्याच खात्याकडे होता. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्या काळात स्थापन झाले. वीज स्वस्त आणि मुबलक मिळाल्याशिवाय या देशात कारखानदारी रुजणार नाही आणि गरिबाचे दारिद्र्य हटणार नाही, असे त्यांचे सांगणे होते. पिंपरी, भोसरी, चाकणच्या शिफ्टमध्ये राबणाऱ्या आपल्या घरांना त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

मग सगळीकडे हे का होत नाही? एक कारण पैशाचे. झाकणबंद टाकी, वायू धरायचा फुगा, इंजिन, सगळे महाग, आणि लहान केंद्राला ते परवडत नाही. दुसरे कारण असे की अलीकडे उभ्या राहिलेल्या बऱ्याच केंद्रांची पद्धत हवेच्या जंतूंची आहे. त्यात गाळ हवेतच बराच पचून जातो, वायूसाठी फारसे उरत नाही. तिसरे कारण आमच्या या औद्योगिक पट्ट्याचे. वायू करणारे जंतू फार नाजूक. प्लेटिंगच्या कामातले क्रोमियम, निकेल, आम्ल, कापण्याचे तेल असे काही रात्री चोरून कुणी गटारात ओतले तर टाकीतले जंतू मरतात आणि महिनामहिना वायू येत नाही. विरजणात लिंबू नव्हे, ॲसिड पिळल्यासारखे. आपल्यापैकी जे लहान वर्कशॉपमध्ये काम करतात त्यांना हे ओतणे कोण करायला लावतो ते माहीत असते. मालकाला सांगणे सोपे नाही, हेही मला माहीत आहे.

आता आजीच्या प्रश्नाकडे येते.

होय आजी, गॅस तोच. बंद टाकीत जे जंतू वायू करतात, तेच बंद चेंबरमध्ये, सेप्टिक टाकीत, तुंबलेल्या गटारात करतात. फरक एवढाच की वीजघरातला वायू धरलेला असतो आणि गटारातला मोकाट. माणूस मारतो तो मुख्यतः त्यातला हायड्रोजन सल्फाईड. हवेहून जड असल्याने तो खड्ड्याच्या तळाशी साचून राहतो. थोडा असला तर वास येतो. जास्त झाला तर नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो, म्हणून "आता वास गेला, उतरायला हरकत नाही" असे म्हणणारा माणूस सगळ्यात मोठ्या धोक्यात असतो. आणखी वाढला तर दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. मिथेनचा धोका वेगळा, तो हवेची जागा घेतो आणि ठिणगी पडली तर भडकतो. चेंबरच्या तोंडाशी बिडी पेटवणे किंवा आत काडी ओढून पाहणे म्हणजे मरणाला हाक मारणे.

११ मे २०२३ रोजी परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यात सेप्टिक टाकी साफ करताना पाच कामगार गेले. एका घटनेत पाच. अशा घटनांत बहुतेक वेळा क्रम एकच असतो. पहिला आत पडतो, दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. भाऊ भावासाठी उतरतो, बाप मुलासाठी. आपल्या घरातल्या प्रत्येक पुरुषाला आणि मुलाला हे तोंडपाठ असले पाहिजे की आत पडलेल्याला काढायला श्वासाचे यंत्र आणि कमरेला दोर असल्याशिवाय उतरायचे नाही. मन मानत नाही, पण उतरलात तर दोन तिरड्या बांधाव्या लागतात.

वीजघराच्या पद्धतीबद्दल वाचताना एका तपशिलाशी मी अडखळले. इंजिनाला हायड्रोजन सल्फाईड सोसत नाही. लोखंड खातो तो, पिस्टन खराब करतो. म्हणून इंजिनाच्या आधी वायू धुणारे यंत्र बसवतात, लोखंडाच्या भुशातून किंवा रसायनातून वायू गाळून घेतात, आणि किती उरला ते मीटरवर मोजतात. इंजिन महाग असते, त्याची हमी जाईल ही भीती असते. आणि त्याच वायूच्या खड्ड्यात माणूस उतरवताना कित्येक ठिकाणी साधा मोजायचा मीटरही नसतो.

कायदा काय सांगतो तेही ठाऊक असू द्या. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा त्याच वर्षी ६ डिसेंबरपासून, म्हणजे महापरिनिर्वाण दिनापासून, लागू झाला. गटार किंवा सेप्टिक टाकीत संरक्षणाच्या साधनांशिवाय माणूस उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंना दहा लाखांची भरपाई ठरवली. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती तीस लाख केली आणि कायमचे अपंगत्व आल्यास किमान वीस लाख. काम कंत्राटदाराचे होते, पोरगा रोजंदारीवर होता, हजेरीपत्रकात नाव नव्हते, असे सांगून पन्नास हजारांत तोंड बंद करायला कुणी आला तर सही करू नका. आधी पोलिसांत नोंद, शवविच्छेदनाचा कागद, आणि मग वकिलाचा सल्ला. हा क्रम चुकवू नका.

घरी आपण काय करायचे? आपल्या मोरीचे टोक कुणाच्या तरी हातापाशी आहे एवढे ध्यानात ठेवायचे. तळणीचे उरलेले तेल मोरीत ओतू नका, ते नळीत गोठून बसते. सॅनिटरी पॅड, बाळाचे डायपर, गुटख्याच्या पुड्या, केसांचे गुंते संडासात टाकू नका. संडास घासायला ॲसिडची बाटली रिकामी करण्याची सवय सोडा. तुंबले की कुणाला तरी बोलवावे लागते. सोसायटीच्या किंवा चाळीच्या बैठकीत, सेप्टिक टाकी साफ करण्याचा विषय निघाला की सक्शनच्या गाडीचे पैसे जास्त म्हणून "दोन माणसं आणू, हजार-पाचशेत होईल" असे बोलणारा एक तरी असतो. तिथे आपल्या बाईने उठून "नाही" म्हणायचे. सावित्रीबाईंच्या लेकी आहोत, बैठकीत नुसता चहा द्यायला जात नाही आपण.

आणि आपल्या मुलामुलींनी या कामाकडे पाठ फिरवावी असे मी म्हणणार नाही. खड्ड्यात उतरायच्या कामाकडे जरूर फिरवावी. पण पॅनेलवर उभे राहून ब्लोअर चालवणे, प्रयोगशाळेत पाण्याची आणि गाळाची तपासणी करणे, वायूचे इंजिन दुरुस्त करणे ही शिकलेल्या हातांची कामे आहेत. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, फिटर, रसायनशास्त्राची पदवी असलेली मुलगी यांना तिथे जागा आहे. आजवर या घाणीपाशी आपल्याला फक्त झाडू-बादली दिली गेली. पॅनेलची किल्ली आणि पगाराची चिठ्ठीही आपल्याकडे आली पाहिजे.

हे सगळे लिहून झाल्यावर मागच्या रविवारी पुन्हा चऱ्होलीला गेले. आजीला वाचून दाखवले. माटुंग्याच्या आश्रमाची गोष्ट तिने दोनदा वाचायला लावली. कुष्ठरोग्यांचे पुढे काय झाले, त्यांना त्या दिव्याचा उजेड मिळाला का, असे ती विचारत होती.

नातू दुपारी कामावरून आला. मी विचारले, "काय रे, तुमच्याकडे गॅस मोजायचा मीटर आहे का?"

"हाय की आत्या. साहेबांच्या कपाटात."

"कपाटाची किल्ली कुणाकडे?"

"साहेबांकडं. ते रविवारी नसत्यात."

"आणि रविवारी चोकप निघालं तर?"

तो हसला, उत्तर दिले नाही. आजीने हातातली काठी जमिनीवर आपटली आणि म्हणाली, "उद्या जाऊन आधी ती किल्ली माग. न्हाय दिली तर मला सांग, मी येती."

सोमवारी त्याने किल्ली मागितली. "बघू" असे उत्तर मिळाले. मंगळवारी त्याच्याबरोबरच्या आणखी चार जणांनी मिळून मागितली आणि अर्जाची एक प्रत महापालिकेच्या आवक विभागात शिक्का मारून घेतली. आता मीटर पॅनेलच्या खोलीत खिळ्याला टांगलेला आहे. मात्र त्याची बॅटरी संपली आहे, ती आणायचे काम चालू आहे.